वकिलांचा खोकला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा, आरोग्यकेंद्राने ठरवून दिलेले अंतर राखून, शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगात माणूस जमिनीवर साडेपाच फूट पसरतो. तेव्हा अंतर पायांपासून धरायचे की मस्तकापासून, एवढे दाजींना विचारून ठेव. ते फीत लावून सांगतील.) आम्ही उभयता इकडे ठीक आहोत, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरे काय ते पुढे येईलच. तुझी खुशाली तुझे यजमान, म्हणजे आमचे दाजी, रोज सकाळी फोनवर कळवतात, पण ती सगळी आकड्यांत असते. ताप इतका, नाडी इतकी, सूप दीड वाटी, झोप सहा तास दहा मिनिटे. ज्या माणसाने वजनमाप निरीक्षक म्हणून उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासले, तो बायकोचा आजारही तोलूनच सांगणार, त्याला इलाज नाही. तुला साथीचा ताप येऊन आज सव्वीस दिवस झाले, बाराव्या दिवशी तो उतरला, आणि आता फक्त 'अशक्तपणा' उरला आहे, एवढे मला समजले. तू कशी आहेस ते मात्र कुणी सांगत नाही. तुला स्वतःला विचारावे तर फोनवर तू दीड मिनिटाच्या वर टिकत नाहीस. कधी दूध उतू जाते, कधी दाराशी कुणी येते. (साथीत तुमच्या दाराशी कोण येते? आणि दोन माणसांच्या घरात इतके दूध कशाला लागते?) पत्राचे तसे नसते. ते मध्येच खाली ठेवले तरी त्याचे बोलणे बंद पडत नाही, आणि पुन्हा उचलले की जिथे थांबले होते तिथूनच ते पुढे सुरू होते. म्हणून हा प्रपंच.

आता प्रथम तक्रार. ती गंभीर आहे, म्हणून कुशलप्रश्नांच्या लगोलग मांडतो. तुमच्या वकिलांनी माझ्या तांबड्या पेनाचे टोपण पुन्हा काढून टाकले. चोवीस दिवसांतले हे अकरावे. ज्याने सत्तावीस वर्षे छापखान्यात बसून लोकांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या, त्याच्या हातात बिनटोपणाचे पेन देणे म्हणजे काय, हे तुझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईला बिननेढ्याची सुई दिली तर कळेल. टोपण गेले की पेन सुकते. पेन सुकले की चूक दाखवायची राहते. राहिलेली चूक छापली जाते, आणि पुढची पिढी तीच शुद्ध समजून पाठ करते. एका अर्धा किलो वजनाच्या, राखी अंगाच्या, लाल शेपटीच्या पोपटाने अशा रीतीने भाषेच्या भवितव्यात चोच घातलेली आहे. बरे, टोपण त्यांना खायचे असते म्हणावे तर तेही नाही. ते टेबलावर येतात, मान वाकडी करून माझ्याकडे पाहतात, टोपण अलगद उपसतात, कडेपर्यंत नेतात आणि खाली सोडतात. ते पडल्याचा आवाज लक्षपूर्वक ऐकतात आणि मग 'पण' असे म्हणतात. (स्वतःच्या बुद्धीने त्यांना हा एकच शब्द येतो, आणि तो ते समोरच्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत उच्चारतात, म्हणून तर दाजींनी त्यांना वकील ही पदवी दिली.) अकरांपैकी नऊ टोपणे कपाटाखाली गेली. कपाटात शब्दकोश आहेत. ते हलवायला चार माणसे लागतात, आणि सध्या घरात चार माणसे जमवणे नियमाविरुद्ध आहे.

वकील माझ्याकडे कसे पोचले, ते दाजींनी तुला सांगितले असेल. पण तू तेव्हा आतल्या खोलीत तापाने फणफणली होतीस, आणि दाजींची हकिकत हा निरीक्षकाचा अहवाल असतो. त्यात दोष कायम समोरच्या माणसाचा निघतो. तेव्हा माझी बाजूही ऐकून घे. तुझी तपासणी झाली, साथीचाच ताप ठरला, आणि आरोग्यकेंद्राने पाळीव जनावरांविषयीचे ते पत्रक हातात दिले. आजारी माणसाने जनावराजवळ जाऊ नये. दुसऱ्या घरी हलवायचे तर निरोगी माणसाने, लांबून, मोकळ्या जागेत हलवावे. त्याची भांडी सोबत देऊ नयेत. तोंडाला तोंड लावू नये. हात आधी आणि नंतर साबणाने धुवावेत. आणि जनावराच्या अंगाला जंतुनाशक लावू नये. हे पत्रक आमच्याच छापखान्यात छापले आहे. त्याची मुद्रिते मी तीनदा वाचली आहेत, मला ते मुखोद्गत आहे. तरीही दाजींनी ते मला फोनवर आरंभापासून अंतापर्यंत मोठ्याने वाचून दाखवले, आणि मध्ये दोनदा 'समजलं का?' असे विचारले. शेवटचे कलम मात्र त्यांना स्वतःलाच पटलेले नव्हते. वकिलांना औषधाच्या बादलीत एकदा बुचकळून काढावे म्हणजे प्रश्न मिटेल, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, दाजी, प्रश्न मिटायच्या आधी वकील मिटतील. त्यावर ते म्हणाले, बरं, मग निदान चोच तरी. चोचीचा वाद पाऊण तास चालला.

बाल्कनीतून किराणा वर घ्यायच्या तुमच्या टोपलीत पिंजरा मावेना, म्हणून मग जिना ठरला. दाजींनी दिवाणखान्यातली पडद्याची दांडी काढली. ती आपल्या पोलादी फितीने मोजली: दोन मीटर आणि वर तीन सेंटिमीटर. पिंजरा तिच्या मधोमध अडकवायचा, वरचे टोक त्यांनी धरायचे, खालचे मी, आणि उतरायचे. आकडा बिनचूक होता. त्यात एकच गोष्ट धरायची राहून गेली होती, ती म्हणजे जिना उतरता असतो. पहिल्याच पायरीला दांडी कलली आणि पिंजरा तिच्यावरून घरंगळत येऊन माझ्या छातीला टेकला. आत वकील, बाहेर मी, मध्ये तीन तारा. मी ओरडलो. पण कानाचे यंत्र मुखपट्टीच्या नाड्यांत अडकते म्हणून दाजींनी ते घरीच ठेवले होते, आणि मुखपट्टीमुळे माझे ओठही त्यांना दिसत नव्हते, त्यामुळे ते अत्यंत शांत चित्ताने उतरत राहिले. तीन मजले, सत्तावन्न पायऱ्या, मी पाठमोरा. प्रत्येक वळणावर दांडी भिंतीला अडायची. मग दाजी आपले टोक पायरीवर टेकवायचे, गळ्यात अडकवलेल्या पाटीवर खडूने 'डावी बाजू वर' असे लिहायचे, आणि पाटी मला दाखवायचे. डावी म्हणजे त्यांची की माझी, हे पाटीवर नसायचे. तळमजल्यावर पोचल्यावर त्यांनी पाटी पुसून लिहिले, 'अंतर शेवटपर्यंत कायम राहिले.' खरेच आहे. त्यांच्या आणि माझ्यातले राहिले. पिंजरा कुठे होता हा प्रश्न त्यांच्या कार्यकक्षेत येत नसावा.

घरी आल्यावर तुझ्या भावजयीने सूत्रे हातात घेतली. तिचे वाचनालय साथीमुळे बंद आहे, आणि बंद वाचनालयाची ग्रंथपाल म्हणजे काय चीज असते हे मी या महिन्यात शिकलो. तिने पिंजऱ्याला चिठ्ठी लावली: 'देण्याची तारीख' आणि त्यापुढे 'परतीची तारीख', दोन्हींवर शिक्का. (परतीची तारीख आजवर चार वेळा वाढवून झाली आहे. माणसांना ती दोनदाच वाढवून देते.) वकिलांना मागच्या खोलीत ठेवले, आणि आत जाताना हात धुवायचे, बाहेर येताना हात धुवायचे, मध्ये चेहऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम झाला. माणसाचे नाक इतके खाजते हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळले. पहिले दोन दिवस वकिलांनी अन्नाला चोच लावली नाही. आम्ही हादरलो. पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, घरी कसं भरवतात विचारा. दाजींना विचारले, आणि तेव्हा उजेड पडला, की तू सूर्यफुलाची बी ओठांत धरून त्यांना देतेस. ताई, तू मला लहानपणी एका ताटात जेवलो म्हणून झापायचीस. आता पत्रकातले चौथे कलम नेमके याच गोष्टीवर आहे, आणि ते तुझ्यासाठीच लिहिले असावे असे वाटण्याइतके सविस्तर आहे. भावजयीने मग बी रबरी मोज्याच्या दोन बोटांत धरून पाहिली. वकिलांनी बी सोडून बोट घेतले. शेवटी कपडे वाळत घालायच्या चिमट्यात बी धरून दिली, तेव्हा कुठे त्यांनी, फार मोठा उपकार करतो आहोत अशा चेहऱ्याने, ती स्वीकारली.

आता आवाजांविषयी. पक्षी पाळणाऱ्या घरांनी पक्ष्याबरोबर त्याला येणाऱ्या आवाजांची यादी द्यावी, असे एक कलम त्या पत्रकात घालायला हवे होते. पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी सुचवणार आहे. तुझ्या शिवणयंत्राचा आवाज ते काढतात, तो तर इतका हुबेहूब की भावजय दोनदा खोलीत डोकावून आली. दाजींच्या गुळण्या काढतात. दारावरची घंटा वाजवतात. (सध्या घंटा वाजली की मुखपट्टी शोधावी लागते. दिवसाकाठी मी नऊ वेळा मुखपट्टी लावून रिकाम्या जिन्याला नमस्कार करतो.) हे सगळे सोसले असते. पण आल्यावर पहिल्याच तासात त्यांनी जो आवाज काढला, तो खोकल्याचा होता, आणि तो त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीत बसून, रस्त्याकडे तोंड करून, सकाळ-संध्याकाळ काढायला सुरुवात केली.

साथीच्या दिवसांत एखाद्या घरातून खोकला ऐकू येणे म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आमच्या खालच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. त्यांचा दवाखाना बंद आहे, आणि हात रिकामे असले की विद्या उफाळून येते. त्यांनी छतातून तीन दिवस खोकला ऐकून निदान केले. चौथ्या दिवशी जिन्यात अर्धा मजला खाली उभे राहून ते मला म्हणाले, "लपवू नका हो. छातीचा आहे. मला कळतं." मी म्हटले, "डॉक्टर, तो पोपट आहे." त्यांनी माझ्याकडे, फार दिवस दात न दाखवलेल्या पेशंटकडे पाहावे तसे पाहिले आणि आरोग्यकेंद्राला फोन लावला. (दात काढताना पेशंटचे तोंड उघडे असते, त्यामुळे त्यांना आजवर कुणाचे उत्तर ऐकायची सवयच लागलेली नाही, अशी माझी उपपत्ती आहे.) दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र टाकणारा आमचा अंक खालच्या मजल्यावरूनच भिरकावू लागला, आणि तो प्रत्येक वेळी दंतवैद्यांच्या दारात पडू लागला, एवढाच काय तो या प्रकरणातला न्याय.

मग केंद्रातून परिचारिका आली. नखशिखान्त झगा, दोन मुखपट्ट्या, वर चष्मा. आत माणूस आहे हे केवळ आवाजावरून ठरवायचे. तिने आम्हा दोघांचा ताप पाहिला, नाकात काडी घातली, फॉर्म भरला. घरातली माणसे किती, तर दोन. ती पायरीवर गेली आणि मागच्या खोलीतून खोकला आला. ती परत वळली.

"घरात अजून कोण आहे?"

"पोपट आहे. बहिणीचा."

"काका, मला आज अजून चौदा घरं आहेत. आजी असतील तर आजी म्हणून सांगा. कुणी उचलून नेत नाही."

तिला आत नेऊन दाखवले. वकिलांनी तिला नखशिखान्त न्याहाळले, म्हणजे तिचा झगा न्याहाळला, आणि सादर केले: आधी एक छोटा, घसा साफ केल्यासारखा, मग दोन लागोपाठ, मग आत ओढलेला एक लांब श्वास, आणि शेवटी, ताई, तुझ्या आवाजात, "काही नाही, धूळ गेली." परिचारिका इतकी हसली की तिचा चष्मा धुक्याने भरला. मीही हसलो. भावजय तर चिमटा हातात घेऊन हसत होती. वकिलांना दाद मिळालेली आवडते, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवले. दुसऱ्या वेळी परिचारिका हसली नाही. ती चष्मा पुसत ऐकत राहिली. मग तिने विचारले, हा कुणाचा आवाज? मी म्हटले, माझ्या मोठ्या बहिणीचा, तिला ताप आला म्हणून तर पक्षी इकडे आणला. किती दिवसांनी आणला? मी म्हटले, तिसऱ्या दिवशी. ती जिना उतरता उतरता थांबली आणि म्हणाली, "एवढ्यात येतं का हो त्यांना?" मला पक्ष्यांतले काय कळते. मी म्हटले, हुशार आहे तो. आमच्या दोघांचे अहवाल निर्दोष आले. मी ते दंतवैद्यांच्या दारावर चिकटवले.

हुशारीचे म्हणशील तर तो शब्द मी आता परत घेतो. झाले असे, की वकिलांच्या विलगीकरणाचे दिवस भरल्यावर त्यांना माझ्या कामाच्या खोलीत यायची परवानगी मिळाली, आणि त्यांनी तिथेच बिऱ्हाड केले. छापखाना बंद, मुद्रिते घरी येतात. ग्रंथालयाला टाळे लागल्यामुळे भावजय मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचते आणि मी मुद्रितावर नजर ठेवतो. आमच्या धंद्यात विरामचिन्हेही वाचायची असतात, नाहीतर ती गळतात. त्यामुळे ती वाचते ते असे: सदर मिळकतीबाबत स्वल्पविराम पक्षकारांनी स्वल्पविराम पूर्वसूचना न देता स्वल्पविराम. हातात कायद्याचे एक साडेसातशे पानी पुस्तक आहे. पहिल्या दिवसापासून मागच्या खोलीच्या उघड्या दारातून आणि नंतर प्रत्यक्ष टेबलावर बसून वकील हे ऐकत आले. दिवसाला चारशे स्वल्पविराम, कमी नाहीत. दाजींच्या सहवासाने मीही मोजू लागलो आहे. मला वाटले, चार दिवसांत पक्षी बोलू लागेल. आठ झाले. पंधरा झाले. मी त्यांना समोर बसवून, एकेक अक्षर सुटे करून, गुरुजींनी मला शिकवले त्या धीराने शिकवू लागलो. मान वाकडी, डोळा माझ्यावर, उत्तर 'पण'. भावजय म्हणाली, तुमच्या वर्गात असंच व्हायचं का? अखेर परवा सकाळी, म्हणजे बाविसाव्या दिवशी, चिमट्यातून बी घेताना, वकिलांनी स्वच्छ आवाजात 'स्वल्पविराम' असा उच्चार केला. आणि तेव्हापासून ते थांबलेलेच नाहीत. मी भावजयीला चहा मागितला की मध्ये स्वल्पविराम. छापखान्याच्या मालकांशी फोनवर मुदतीविषयी बोलताना मी एक नाजूक सबब सांगत होतो, तिच्या ऐन मध्यावर स्वल्पविराम. मालकांनी विचारले, सबब लिहून काढली आहे का?

तेव्हा ताई, सगळा विचार करून माझे म्हणणे असे, की वकिलांचा मुक्काम आता पुरे. तुझा ताप उतरून चौदा दिवस झाले. दाजींचे दोन्ही अहवाल निर्दोष आहेत. पत्रकाप्रमाणे पक्षी परत न्यायला काही हरकत उरलेली नाही. येत्या रविवारी दाजींनी येऊन आपल्या वकिलांना घेऊन जावे, दांडी घरीच ठेवावी, आणि कानाचे यंत्र सोबत आणावे. चिठ्ठीवर पाचवा शिक्का मारणार नाही, असे भावजयीने स्पष्ट सांगितले आहे. (ती हे सांगत होती तेव्हा वकील तिच्या खांद्यावर होते, हे लिहिणे मला प्राप्त आहे.)

एवढे कळवून थांबतो. दाजींना नमस्कार, तुलाही नमस्कार, वकिलांकडून दोघांना 'पण'.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र मी स्वतः येऊन टोपलीत ठेवीन. दाजी टोपलीतून येणाऱ्या प्रत्येक कागदाला इस्त्री करतात, हे मला ठाऊक आहे. इस्त्री मध्यम ठेवायला सांग. मागचे पत्र त्यांनी कडक इस्त्रीने वाचले तेव्हा माझी अर्धी तक्रार उडून गेली, आणि त्यांनी फोन करून माझे आभार मानले.

ता. क. दुसरा. रविवारचे जे वर लिहिले आहे ते खोडले असे समज. वकील हवे तितके दिवस राहोत. भावजयीने काल त्यांच्यासाठी खिडकीत फांदी बांधली. मी पेनांचा एक डबा आणून ठेवला आहे, टोपणांसकट. त्यांची घाई कुणालाच नाही.

ता. क. तिसरा. हा कागद वेगळ्या पाकिटात तुझ्या नावाने घातला आहे. तुझे पाकीट दाजी फोडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

ताई, आता सरळ लिहितो. दिवसाला चारशे वेळा ऐकून जो शब्द या पक्ष्याला बावीस दिवसांनी आला, त्याच पक्ष्याला तुझा खोकला तापाच्या तिसऱ्या दिवशी पाठ होता. 'काही नाही, धूळ गेली' हेही पाठ होते, तुझ्या सगळ्या चढउतारांसकट. परिचारिकेने विचारले होते ते हेच, आणि मी हुशार आहे म्हणून वेळ मारून नेली. परवा तो 'स्वल्पविराम' म्हणाला आणि भावजय टाळ्या वाजवू लागली, तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळे एकदम जुळले. ताप यायच्या आधी कितीतरी आठवडे तू यंत्रापाशी बसून खोकत होतीस. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका विचारत होत्या, त्यांना धुळीचे सांगत होतीस. कानाचे यंत्र दाजी घरात फोनपुरतेच लावतात, त्यांना ऐकू येत नव्हते, आणि तू ते तसेच राहू दिलेस. हा साथीचा खोकला नव्हे. तो आधीचा आहे आणि अजून आहे, नाहीतर तू फोन इतक्या लवकर ठेवला नसतास.

मी काल केंद्रावर जाऊन त्या परिचारिकेला भेटलो. तिला नवल वाटले नाही. गुरुवारी सकाळी दहाला तुझे नाव दिले आहे, आधी डॉक्टर तपासतील, मग छातीचा एक्स-रे. अर्ध्या तासाचे काम. दाजींना मी काही बोललो नाही. ते तू सांग, पाटीवर लिहून सांग, पण गुरुवारच्या आधी सांग. साडेनऊला मी तुमच्या दारात येऊन उभा राहतो. दूध उतू जाऊ दे.

काय निघेल ते मला माहीत नाही. साधे काहीतरी असेल, गोळ्यांनी बरे होणारे असेल, असे मी दोन दिवस स्वतःला सांगतो आहे आणि मला ते पटत नाही. वकील खोकले की मी काम थांबवून ऐकतो, कालच्यापेक्षा वाईट आहे का म्हणून, आणि मग आठवते की त्यातून आजचे काहीच कळत नाही. मला भीती वाटते आहे, ताई. भीती वाटली की लहानपणापासून तुलाच सांगायची सवय. दुसरे कुणी सुचले नाही, म्हणून तुलाच लिहिले.